गळक्याचा गुन्हा माझ्या नावावर

...आणि मला सांगा, पितं वाटीभर आणि सोडतं बादलीभर, असं जनावर असतं का कुठं? आणतं कुठून? साठवतं कुठं? अहो मुठीएवढं पिल्लू, अंगावर मांस नाही, बरगड्या अशा की बोट फिरवलं तर पेटी वाजेल, आणि इकडं पुसलं की तिकडं, तिकडं पुसलं की मी जिथं उभा आहे तिथं, थेट माझ्या पायावर! आणि करून झालं की वर बघणार, शेपूट हलवणार, जसं काही मला बक्षीस दिलंय. हसा, हसा. तुमच्या पायावर नाही केलं, तुम्हाला हसायला काय जातंय?

तुम्हाला सांगतो, मी मागितलं नव्हतं हो कुत्रं. मुलगा घेऊन आला. म्हणाला, बाबा, तुम्ही दिवसभर घरी एकटे, सोबत होईल. आता सोबत म्हणजे काय, तर मी पडलो तर ते भुंकणार, असा ह्यांचा हिशेब. आणि हे तर भुंकत पण नव्हतं, नुसतं शिंकल्यासारखं करायचं. सूनबाईनं त्याचं काहीतरी इंग्रजी नाव ठेवलं, माझ्या जिभेवर बसेना, मी म्हणायला लागलो गळक्या. आता ते इंग्रजी नावाला मान पण वळवत नाही, गळक्या म्हटलं की पळत येतं. आणि आलं की काय करतं? ...बरोबर. हुशार आहात.

पण तेव्हा ते गळकं नव्हतं बरं का, साधं पिल्लू होतं. आणल्यावर थोड्याच दिवसांत आजारी पडलं. उलट्या काय, जुलाब काय, त्यात रक्त काय... घरभर असा वास की शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली. जनावरांच्या दवाखान्यात नेलं, तिथली डॉक्टरीण म्हणाली, आतड्याचा आजार आहे, आशा ठेवू नका. इतक्या सहज म्हणाली, मी भाजी महाग झाल्याचं पण इतक्या सहज नाही सांगत. मग सलाईन. आता मुलगा ऑफिसला, सूनबाई शाळेत शिकवायला, मग सलाईन लावलेला पाय धरून बसायला कोण? मी. रोज. ते सुई ओढायचं ना. एका हातात त्याचा पाय, दुसऱ्या हातावर त्याचं नाक. नाक गरम, कोरडं, भाकरीच्या तुकड्यासारखं. मी त्याला सिनेमाच्या गोष्टी सांगायचो. म्हणजे मी आयुष्यभर थिएटरच्या दारावर तिकिटं फाडली, मला दुसरं येतं काय? पण आत बसलं तरी सारखं उठून दाराशी जावं लागायचं, म्हणून मला एकाही सिनेमाचा शेवट नीट माहीत नाही. अर्ध्या अर्ध्या गोष्टी सांगितल्या. बहुतेक शेवट ऐकायलाच जगलं ते.

जगलं! डॉक्टरीण पण बघत राहिली. म्हणाली, घरी न्या, पण जपा. औषधांमुळं लघवी फार होईल, ओरडू नका. बाहेरच्या जमिनीला पाय लावू द्यायचा नाही, सगळी इंजेक्शनं होईपर्यंत. दुसऱ्या कुत्र्यांच्या जवळ तर न्यायचंच नाही. परत उलटलं तर मग माझ्याकडं आणू पण नका. आणि म्हणाली, सवय लावा. खाल्लं की, झोपून उठलं की, खेळलं की उचलायचं, गॅलरीत कागदावर ठेवायचं, केलं की शाब्बास म्हणायचं आणि बिस्किटाचा तुकडा द्यायचा.

झालं. नोकरी लागली मला. सकाळपासून कागद पसरतोय. मला मोठी अक्षरं तेवढी वाचता येतात, बारीक छापलेलं मुंग्यांसारखं दिसतं, पण चित्रं कळतात. तर ह्या पठ्ठ्याला विंचू-खेकडे काढलेलं भविष्याचंच पान लागायचं, खेळाचं पान ठेवलं की हुंगून परत. मुलगा संध्याकाळी येऊन विचारणार, माझ्या राशीचं काय म्हणतंय आज? मी म्हणायचो, ओलं आहे. हसा, हसा. आम्ही पण हसायचो तेव्हा.

मग एका सकाळी सूनबाई घसरली.

शाळेची घाई, एका हातात डबा, एका हातात वह्यांची पिशवी, आणि स्वयंपाकघराच्या दारात ह्यानं केलेलं तळं. असा आवाज आला... मी बाहेर आलो तर ती खाली बसलेली, मनगट धरून, आणि रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. हाताला प्लास्टर, उजव्या हाताला. फळ्यावर लिहिणारी बाई ती, आता भाताचा घास डाव्या हातानं खाते, अर्धा ताटात, अर्धा मांडीवर. आणि तिसऱ्या दिवशी जेवताना, आवाज न चढवता म्हणाली, या आठवड्यात शिकलं तर ठीक, नाहीतर रविवारी त्याला सोडून येऊ. माझ्या मैत्रिणीच्या भावाची जागा आहे, मोकळी जागा आहे, सोबतीला दुसरी कुत्री आहेत.

दुसरी कुत्री आहेत. आता डॉक्टरीण काय म्हणाली होती, सगळ्यांनी ऐकलेलं. मी मुलाकडं बघितलं. मुलगा घास चावत होता. इतका वेळ चावत होता, भात होता हो, भाताला काय चावायचं असतं? मी म्हटलं, तिकडं गेलं तर मरेल ते. मुलगा म्हणाला, "बाबा, तुमचं काहीतरीच."

हे असं! म्हणजे तुम्हाला सांगायला पाहिजे, चूक माझीच आहे थोडी. आमच्या इमारतीत मला थापाडे आबा म्हणतात. थिएटरात असताना भुताचा सिनेमा लागला की मी हात बर्फात बुडवून ठेवायचो, आणि पडद्यावर दार करकरलं की अंधारात मागून जाऊन एखाद्याच्या मानेवर ठेवायचो. मालकानं दोनदा कामावरून काढलं आणि दोनदा परत घेतलं, लोक म्हणे भुताला नाही, हाताला यायचे. घरी बसल्यावर पण खोड जाईना. एकदा सांगितलं, उद्या पाणी नाही, सगळ्या इमारतीनं पिंपं भरली, पातेली भरली, एकानं तर फुलदाण्या भरल्या, आणि दुसऱ्या दिवशी नळ धो धो! मग काय झालं, की एक दिवस खरंच मीटरच्या खोलीतून धूर निघत होता, मी जिन्यात उभा राहून ओरडलो, आग, आग... एक दार उघडलं नाही. आतून एक बाई म्हणाली, आबा, आज दुपारची झोप नाही का लागली? जिना काळा झाला तेव्हा उठले सगळे. तेव्हापासून मी खरं बोलणं कमी केलं. उपयोग काय?

तर शनिवार आला. पूर्ण आठवडा मी त्या पिल्लाच्या मागं फिरलो, त्याला बिस्किटं दाखवली, हातापाया पडलो, कागदावर स्वतः बसून दाखवलं... हो, बसून दाखवलं, शिकवायचं म्हटलं की करून दाखवावं लागतं ना? हसा, हसा. खालच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या, त्यांनी वर बघितलं आणि नमस्कार करून आत गेल्या.

आणि शनिवारी सकाळी, सगळे चहाला बसणार, माझ्या खुर्चीखाली हे एवढं तळं. गळक्या शेजारी बसलेलं, शेपूट हलवतंय. सूनबाईच्या चपलांचा आवाज जवळ येतोय. मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी गळक्याला पायानं सोफ्याखाली ढकललं, खुर्चीत बसलो, आणि पायजम्याचा पाय त्या तळ्यात बुडवला. चांगला घोट्यापर्यंत. थापेला पुरावा लागतो, हे इतक्या वर्षांचं शिक्षण. सूनबाई आली, खाली बघितलं, तोंड उघडलं, आणि मी म्हणालो,

"सूनबाई, माझ्याकडून झालं ते."

आता मी वाट बघतोय. म्हटलं, ही हसणार. म्हणणार, बाबा, पुरे झाली चेष्टा. म्हणजे मी आपला तयारीत, पुढचं काय रचायचं ते डोक्यात चाललेलं... आणि तिनं तोंड मिटलं. लगेच. एका क्षणात. आणि असा आवाज काढला जो मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, पहिलीच्या पोरांशी काढत असेल तो, मऊ, म्हणाली, "असू दे बाबा. पाय वर घ्या." आणि डाव्या हातानं फडकं घेऊन खाली बसली पुसायला.

अहो, पटलं तिला! मी आग लागली म्हणून ओरडलो ते नाही पटलं कुणाला, पिल्लू मरेल म्हटलं ते नाही पटलं, आणि हे पटलं! काही विचारलं पण नाही. पुरावा बघितला पण नाही नीट, मी उगाच पायजमा भिजवला. आणि मग आत जाऊन मुलाला सांगताना मी ऐकलं, म्हणत होती, मला वाटतच होतं, कधीतरी हे सुरू होणार.

वाटतच होतं म्हणजे? कधीपासून वाटत होतं? मी चहा पितोय, पेपर उलटा धरून बसतोय, आणि ह्यांना वाटतच होतं?

पण रविवारी पिल्लू गेलं नाही. ह्या गडबडीत कुणाला आठवणच राहिली नाही त्याची. मी म्हटलं, चला, जमलं. आयुष्यातली सगळ्यात भारी थाप. आणि थाप एकदा मारली की पुढं चालवावी लागते. रोज तळं झालं की मी हजर. सोफ्याजवळ, मी. दाराशी, मी. एकदा ह्यानं एका वेळेला दोन खोल्यांत केलं, तिथं जरा अवघड गेलं, मी म्हटलं, चालता चालता झालं. ते पण पटलं! आणि एकदा त्यानं मोठं केलं, गालिच्याच्या मधोमध. नाही. तिथं मी माघार घेतली. माणसाला काही मर्यादा आहे की नाही? कागदात उचललं, संडासात टाकलं, पाणी ओतलं, आणि आत उदबत्ती लावली. सूनबाई म्हणाली, आज बाबा देवाचं करतायत. हसा, हसा, पोट धरून हसा, कारण इथून पुढं मला पण हसू आलं नाही.

आधी गालिचा गेला. मग माझी खुर्ची गेली, कापसाची गादीवाली, माझ्या बायकोनं शिवलेली ती गादी, त्या जागी प्लास्टिकची आली. धुवायला बरी. मग माझ्या अंथरुणाखाली रबराची चादर आली, कूस बदलली की करकर करते, थिएटरात असती तर भुताच्या सिनेमाला कामाला आली असती. संध्याकाळचा चहा बंद. पाणी मोजून. मला, बरं का, मला! गळक्याला भांडं भरून. मी त्याच्या भांड्याकडं बघायचो, ते माझ्याकडं बघायचं, आणि एकदा... जाऊ द्या, ते नाही सांगत.

खालच्या काकू आल्या, एक मोठं पुडकं घेऊन, मोठ्या माणसांचे लंगोट असतात ना ते. हळूच माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, संकोच करू नका आबा, आमच्या ह्यांना पण हेच लावायचो शेवटी शेवटी. शेवटी शेवटी! अहो मी समोर बसलोय, काळे वाटाणे फोडून खातोय, आणि ही बाई मला शेवटी शेवटी म्हणते.

मग मुलानं मला माणसांच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर तरुण पोरगा, केस नीट बसवलेले. मला विचारतो, आबा, आज वार कोणता? मी म्हटलं, तुमच्या मागं कॅलेंडर आहे, वळून बघा की. म्हणाला, मी तीन वस्तू सांगतो, लक्षात ठेवा, चमचा, छत्री, सफरचंद. थोडी इकडची तिकडची विचारपूस केली आणि म्हणाला, सांगा बघू त्या वस्तू. मला सगळ्या येत होत्या हो. चमचा, छत्री, सफरचंद, बघा, अजून येतात. पण जीभ ऐकते का? मी गंभीर तोंड केलं आणि म्हणालो, कुठल्या वस्तू? आणि आपण कोण?

मी हसलो. एकटाच. डॉक्टर हसला नाही, त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, मुलाकडं बघितलं. आणि मी मुलाकडं बघितलं, तर त्याचा चेहरा... आई गेली त्या दिवशी होता तसा. मी म्हटलं, अरे चेष्टा केली, चमचा, छत्री, सफरचंद. तो म्हणाला, हो बाबा. हो बाबा, हो बाबा. परत येताना रिक्षात माझा हात धरून बसला. लहानपणी बाजारात मी त्याचा धरायचो तसा, घट्ट, मनगटाला.

दोन-चार दिवस घरात कुजबुज. मग मुलगा माझ्यासमोर येऊन बसला, प्लास्टिकच्या खुर्चीसमोर स्टूल घेऊन, आणि म्हणाला, बाबा, एक जागा बघितली आहे. मोकळी जागा आहे, बाग आहे, डॉक्टर असतो, सोबतीला तुमच्यासारखी दुसरी माणसं आहेत.

दुसरी माणसं आहेत. ऐकलंत ना? आता का हसत नाही? हसा की.

मला गळक्याची आठवण झाली म्हणजे काय, ते माझ्या पायाशीच होतं. आणि इथं सांगतो, तोपर्यंत ते सुधारलं होतं. अंगावर मांस चढलं, औषधं बंद झाली, इंजेक्शनं संपली, मुलगा त्याला सकाळी-संध्याकाळी खाली न्यायचा, घरात थेंब सांडत नव्हतं. शिकलं हो. म्हणजे आता त्याला कुणी काढणार नव्हतं, आता खरं सांगायला हरकत नव्हती. म्हणून मी सांगितलं. सगळं सांगितलं, खुर्ची, पायजमा, दोन खोल्या, उदबत्ती, सगळं. म्हटलं, अरे ते सगळं ह्याचं होतं, माझा एक थेंब नव्हता, मी थाप मारली. आणि बघ की, कधीपासून घर कोरडं आहे ते.

मुलगा म्हणाला, "बाबा, तुमचं पाणी कमी केलं म्हणून कोरडं आहे. त्या मुक्या जिवावर नका ढकलू."

मी गळक्याकडं बघितलं. त्यानं जांभई दिली. साक्षीदार म्हणून आणलं असतं तर हेच केलं असतं त्यानं.

पण सूनबाई बघा, दारात उभी होती, नुकतंच प्लास्टर निघालेला हात दुसऱ्या हातानं चोळत. तीच म्हणाली, कुठं पाठवायचं नाही. पिल्लू शिकलं, बाबा नाही का शिकणार? मी बघते. शाळेत सांगून ठेवते, लवकर येत जाईन. आणि तिनं बघितलं हो. मी ह्या बाईला किती फसवलं, तिचा हात मोडला त्याचा गुन्हेगार सोफ्याखाली लपवला, आणि तीच म्हणाली, मी बघते. मला तोंड वर करता येईना.

तर आता माझं असं आहे. खाल्लं की, चला बाबा. झोपून उठलो की, चला बाबा. टीव्हीवर मॅच संपली की, ते खेळण्यात धरतात बहुतेक, चला बाबा. हाताला धरून बाथरूमपर्यंत, मी आत, ती दाराबाहेर. आणि मला आलेली नसते हो! पण ती बाहेर उभी, दिवसभर पोरांशी घसा फोडून आलेली, कुकर लावायचा राहिलेला, तिला किती वेळ ताटकळत ठेवणार? मग मी काय करतो, नळ थोडासा सोडतो. बारीक धार. बाहेरून आवाज येतो, झालं का बाबा? मी म्हणतो, झालं. शाब्बास, म्हणते. आणि तुम्हाला सांगतो, लाज वाटते सांगायला, पण बरं वाटतं ऐकायला. मला आयुष्यात शाब्बास म्हटलंय कुणी? मालक तर फक्त काढायचा आणि परत घ्यायचा.

असं चाललं होतं. बरं चाललं होतं.

परवा दुपारी झोपून उठलो. घरात कुणी नव्हतं, गळक्या पायाशी झोपलेलं. उठून बसलो तर चादर करकरली नाही. मी म्हटलं, हिला काय झालं? हात लावून बघितला.

हसा की. का गप्प?

आधी मी गळक्याकडंच बघितलं. खरं सांगतो. त्याच्या पोटाखाली हात घातला, कोरडं ठणठणीत होतं बिचारं. मग पायजमा बघितला. या वेळी पाय बुडवलेला नव्हता. ...बसून राहिलो. ते उठलं, हुंगलं, मागं सरकलं, आणि दाराकडं जाऊन उभं राहिलं, मला बाहेर न्यायला. जसं त्याला नेतात तसं.

सूनबाई आली संध्याकाळी, तोवर मी तिथंच बसलेला, खाली फरशीवर पण ओघळलेलं. मी तिला समोर बसवलं, म्हटलं, हे बघ, आधीचं सगळं खोटं होतं, पण आज... आज खरं आहे. आज खरंच माझ्याकडून झालं. मला सांगताना घाम फुटला हो. भुताच्या सिनेमातल्या लोकांना पण असा फुटला नसेल. म्हटलं, आता ही दचकणार, मुलाला फोन करणार, काहीतरी होणार.

ती म्हणाली, "असू दे बाबा. पाय वर घ्या."

तोच आवाज. तेच फडकं. तिला काही फरकच पडला नाही, कारण तिच्या लेखी हे रोजचंच होतं. फरक पडला तो मला एकट्याला, आणि तो सांगायचा कुणाला? थापाड्या माणसाचं खरं...

ती पुसत होती, खाली हातगाडीवरचा भाजीवाला ओरडत होता, आणि गळक्या दाराशी नखं घासत होतं, म्हणजे त्याला आली होती. सूनबाईनं फडकं पिळलं, हात धुतले, पट्टा अडकवला आणि त्याला घेऊन गेली खाली. गेलं हो शहाण्यासारखं, उंबऱ्यात एक थेंब नाही.

असो. घरात दोघांना शिकवायला घेतलं होतं, एक शिकलं. निकाल काही वाईट नाही.